शनी नेमका कुठे होता

माझा मामा तारांगणात यंत्र चालवायचा. गोल घुमटाच्या मधोमध एक काळं धूड उभं असायचं, दोन टोकांना दोन मोठी डोकी असलेलं, मुंगळ्यासारखं. त्याच्या पोटातला दिवा लागला की छतावर ठिपके पडायचे आणि त्यांचे तारे व्हायचे. बाहेर टळटळीत दुपार असली तरी मामाने बटण दाबलं की आत रात्र. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी रात्र पाडायच्या कामावर असतंच.

मामा अबोल. चाळिशी उलटली तरी एकटाच होता. आई म्हणायची, "याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की याचा संसार झाला."

त्या यंत्राची आणखी एक गंमत होती. कळ उलटी फिरवली की आतली चाकं उलटी फिरत, ग्रह मागे सरकत आणि बघता बघता शतकं मागे पडत. त्यामुळे मामाकडे एका विशिष्ट जातीची माणसं यायची. महाकाव्यातलं ते अठरा दिवसांचं युद्ध नेमकं कधी झालं, हे शोधणारी. कवीने युद्धाच्या आधीचं आकाश लिहून ठेवलंय: शनी रोहिणीला छळतोय, पाठोपाठ दोन ग्रहणं लागलीत. असं आकाश ज्या वर्षी जुळेल, ते युद्धाचं वर्ष. हिशोब सरळ वाटतो, पण प्रत्येक जण आपलं वर्ष खिशात घालूनच यायचा, आणि एकाच्या वर्षात नि दुसऱ्याच्या वर्षात हजार-हजार वर्षांची फट. मामा सगळ्यांना यंत्र फिरवून दाखवायचा आणि ना हो म्हणायचा, ना नाही.

एका दुपारी एक बाई आल्या. शाळेत संस्कृत शिकवायच्या. मामाने सवयीने विचारलं, "कुठल्या वर्षाला नेऊ?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "ठाऊक असतं तर कशाला आले असते?"

मामा पुढे म्हणायचा, इतक्या वर्षांत असं उत्तर पहिल्यांदाच ऐकलं.

बाईंचे वडीलही संस्कृतचेच शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते. बाई त्यांना रोज संध्याकाळी ते महाकाव्य वाचून दाखवायच्या. शरपंजरी पडलेले पितामह सूर्य उत्तरेकडे वळण्याची वाट बघतात, तिथे गुरुजी नेहमी थांबवायचे. "किती दिवस पडून होते ग ते? आणि कोणत्या वर्षी? मी जाण्याआधी एवढं तरी कळू दे." तेवढ्यासाठी बाई तारांगणाची पायरी चढल्या होत्या.

तारांगणाच्या प्रमुखांनी परवानगी दिली. शनिवारी दुपारी, शाळांच्या सहली परतल्या की, घुमट दोघांचा. बाई अंधारात श्लोक म्हणायच्या, मग अर्थ सांगायच्या, आणि मामा कळ फिरवायचा.

"थांबा. जरा मागे."

"जरा म्हणजे किती?"

"एखादा जन्म."

असं त्यांचं बोलणं. मध्येच नवी अडचण निघाली. एका श्लोकात शनी रोहिणीपाशी, तर दुसऱ्यात विशाखेजवळ, म्हणजे आकाशाच्या पार पलीकडच्या अंगाला. "एकाच वेळी दोन ठिकाणी कसा असेल हो?" बाईंनी विचारलं. मामा म्हणाला, "आमच्या साहेबांचं उलटं आहे. ते एका वेळी एकाही ठिकाणी सापडत नाहीत." बाई इतक्या हसल्या की घुमटात आवाज घुमला. त्या दिवशी घरी आल्यावर मामाने स्वतःहून हा विनोद आम्हाला सांगितला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मामा आणि विनोद!

शेवटी विशाखेचा श्लोक बाजूला ठेवायचं ठरलं. आणि मग एका शनिवारी जुळलं. शनी रोहिणीशी, ग्रहणं एकापाठोपाठ एक, सगळं जागच्या जागी. बाई उठून उभ्या राहिल्या. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा घातला, पुन्हा वर पाहिलं. "मी बाबांना सांगून येते," म्हणाल्या आणि पिशवी खुर्चीवर विसरून धावल्या.

गुरुजींनी ते वर्ष बाईंकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ते उशीला टेकून बसले, अर्धी पोळी जास्त खाल्ली. शेजारपाजारी बातमी गेली. एका अभ्यासमंडळाने बाईंना व्याख्यानाला बोलावलं.

इकडे मामाची भूक मेली. ताटावर बसून नुसता घास चिवडायचा. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. यंत्राच्या चाकांना दाते असतात आणि दात्यांत थोडी ढील असतेच. चार-पाचशे वर्षं मागे जा, काही बिघडत नाही. पण हजारो वर्षं मागे गेलं की ती ढील साचत जाते, आणि ग्रह खरे होते तिथे दिसत नाहीत. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. इतरांना तो आधीच सांगायचा. बाईंना सांगितलं नव्हतं.

त्याच्या ओळखीच्या एक गणितज्ञ होत्या. त्यांनी कंप्युटरवर ते वर्ष तपासलं. शनी रोहिणीपाशी नव्हताच. जवळपाससुद्धा नव्हता.

"मग सांग तिला," आई म्हणाली.

"मोडून पडेल ती."

"ती पडेल की तू?"

पुढच्या शनिवारी मामाने यंत्र लावलंच नाही. घुमटातले साधे दिवे लावले आणि बाईंना समोर बसवून सगळं सांगितलं.

बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला आधीपासून शंका होती?"

"होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायच्या थांबाल म्हणून."

बाई उठल्या. पिशवी उचलली आणि निघून गेल्या. त्यानंतरचे कितीतरी शनिवार रिकामे गेले. मामा रिकाम्या घुमटात बसून चाकांना तेल देत राहिला.

बाईंच्या जिवाला मात्र मामापेक्षा मोठा घोर होता. गुरुजींना सांगायचं कसं? न सांगितलं तर सुखात राहतील. पण ज्यांनी एक काना चुकला तरी पाटी पुसायला लावली, त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ उचलेना. एका संध्याकाळी वाचता वाचता त्यांनी ग्रंथ मिटला. "बाबा, ते वर्ष चुकलं. शनी तिथे नव्हता."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बाईंना वाटलं, आता हे पुन्हा उठून बसणार नाहीत. पण त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता.

"बरं झालं बाई," ते म्हणाले. "वर्ष सापडल्यापासून तू घाईघाईने वाचत होतीस. जणू गोष्ट संपलीच."

मग त्यांनी विचारलं, "तुला खरं कुणी सांगितलं?"

"यंत्रवाल्यांनी. त्यांचंच यंत्र, त्यांचीच चूक."

"स्वतःहून सांगितलं?"

"हो."

"मग अशा माणसाकडे जायचं का सोडलंस? बोलाव त्याला घरी."

बाईंनी ते व्याख्यान रद्द केलं नाही. उभ्या राहिल्या आणि शोधलं कसं, चुकलं कुठे, हे सरळ सांगितलं. एक गृहस्थ तावातावाने उठले, "म्हणजे युद्ध झालंच नाही म्हणायचं का तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "मी एवढंच म्हणते की तारीख मला सापडली नाही." शेवटच्या रांगेत मामा बसला होता. टाळ्या फार पडल्या नाहीत. मामाने मात्र जोरात वाजवल्या.

त्यानंतर मामा गुरुजींकडे जायला लागला. पहिल्या दिवशी त्याने काय केलं असेल? गुरुजींच्या पलंगाचं करकरणारं चाक दुरुस्त केलं आणि पलंग खिडकीशी सरकवला. गुरुजींना बऱ्याच काळाने खरं आकाश दिसलं. शनिवार आता त्या खोलीत जायला लागले. बाई वाचायच्या, गुरुजी अर्थ सांगायचे, मामा मान डोलवायचा.

असं वर्षभर चाललं आणि आईचा धीर सुटला. बाई आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा चहाचा कप पुढे करत तिने दोघांसमोर विचारलं, "त्या युद्धाची तारीख राहू दे बाजूला. तुमची कधी ठरवताय?"

मामाचे कान लाल झाले. बाई कपात बघत म्हणाल्या, "यांना विचारा. मला वाटतं, यांचं यंत्र पुढे फिरतच नाही."

"फिरतं," मामा म्हणाला. "फिरतं की!"

लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार म्हणून सही करायला गुरुजींना चाकाच्या खुर्चीतून नेलं. अक्षर अजूनही वळणदार आलं. ते पुढे आणखी तीन हिवाळे जगले. गेले तेव्हा सूर्य उत्तरेला वळला होता की नाही, हे मामाला नक्कीच ठाऊक होतं, पण मामीने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

जुनं यंत्र आता तारांगणाच्या दारात शोभेला ठेवलंय, आणि मामाही निवृत्त झालाय. गुरुजी गेल्यावर मामीने ते महाकाव्य पुन्हा पहिल्या पानापासून काढलं, या वेळी फक्त मामासाठी. मी कधी गेले तर दोघं एकाच श्लोकावर भांडत बसलेली दिसतात. युद्ध अजून सुरू व्हायचंय. मामी मुद्दाम सावकाश वाचते, असा मामाचा आरोप आहे.