मिसळणाच्या डब्यातली हळद

"बाळाला निओनेटल सेप्सिस झालाय," डॉक्टर म्हणाल्या. निओनेटल म्हणजे नवजात बाळाचा. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात उतरून सगळ्या शरीरालाच वेठीला धरतो तो आजार. माझी नात तेव्हा नऊ दिवसांची होती आणि वजन होतं दोन किलो शंभर ग्रॅम.

त्यांनी पुढे विचारलं, "नाळेला काही लावलं होतं का?"

"नाही," माझी सून अश्विनी म्हणाली. तिला माहीतच नव्हतं. मला होतं.

मी निवृत्त शिक्षिका. सूक्ष्मजीवांचा धडा तीस वर्षं शिकवला. वाघोलीच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर पाटीही मीच लावली होती: 'बाळाला लांबून पाहावे. पापा घेण्याची हौस आपापल्या घरी भागवावी.' शेजारच्या काकू त्यावरून अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पण सहाव्या दिवशीही नाळ सुकेना. घरी सोडताना सिस्टरनी बजावलं होतं, नाळ कोरडी ठेवा, काही लावू नका. मला वाटलं, या कालच्या मुली मला काय सांगणार! माझ्या आईने मला लावलं, मी माझ्या मुलाला लावलं. अश्विनी अंघोळीला गेल्यावर मी मिसळणाच्या डब्यातली हळद खोबरेल तेलात कोमट केली आणि नाळेच्या मुळाशी लावली. हात मात्र साबणाने स्वच्छ धुतले होते. फोडणीचा ओला चमचा रोज त्याच हळदीत बुडतो, हे काही मला सुचलं नाही.

आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं. उठवलं तरी उठेना. "झोपाळू आहे, आजोबांवर गेलीय," मी म्हणाले. ताप नव्हता, उलट पाय गार लागत होते. अश्विनीने माझं ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळाला दवाखान्यात आणलं, हे आमचं नशीब. एवढ्या लहान बाळाला संसर्ग झाला की ताप येतोच असं नाही, अंग गारही पडतं, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टरना शीर सापडत नव्हती. त्यांनी बाळाच्या तळहाताखाली एक छोटा दिवा धरला. हात आतून लालबुंद उजळला आणि त्यात बारीक बारीक शिरा दिसायला लागल्या. काचेतून पाहताना मी भानच विसरले. माझ्या अंगठ्याएवढ्या त्या हातात एवढं सगळं आधीच तयार होतं, आणि मी ते पणाला लावलं होतं.

मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. अश्विनी तिथेच बसलेली होती.

"बरं झालं सांगितलंत, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "बेंबीचा स्वॅब पण पाठवते." स्वॅब म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना. ब्लड कल्चर आधीच गेलं होतं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. तिला दोन दिवस लागतात.

अश्विनी एवढंच म्हणाली, "आई, मला विचारायचंत तरी." नंतर ती माझ्याशी बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दोन्ही तपासण्यांत एकच जंतू निघाला. अँटिबायोटिक लागू पडत होतं. उपचारांच्या चौथ्या दिवशी बाळाने डोळे उघडले आणि चमच्याने पाच मिलिलिटर दूध घेतलं. पाच मिलिलिटर! आयुष्यात एवढ्याशा दुधाचं एवढं अप्रूप मला कधी वाटलं नव्हतं. एवढासा जीव, त्याने कुणाशी झुंज दिली, कशी दिली, मला तर अजून नवल वाटतं.

माझ्या वयाच्या आयांना आणि आज्यांना माझं सांगणं आहे. नाळ आपोआप सुकते, तिला काहीही लावू नका. बेंबीभोवती लाली दिसली, बाळ गार पडलं किंवा दूध सोडलं, तर घरात तर्क लढवत बसू नका. आणि चूक झालीच, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

दवाखान्यातल्या सातव्या दिवशी कांगारू केअर सुरू झालं. त्यात बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरतात. अश्विनी तासन् तास बसायची. घरातलं दुसरं कुणीही बसू शकतं, असं सिस्टर म्हणाल्या. मी मान खाली घातली. माझ्या हातांची मलाच भीती वाटत होती.

अश्विनी उठली. मला खुर्चीत बसवून तिने माझ्या अंगावरच्या दवाखान्याच्या गाऊनच्या नाड्या सोडल्या आणि बाळ माझ्या छातीवर ठेवलं. ते जागं होतं, उबदार होतं, आणि त्याचं काळीज माझ्या काळजावर भराभर उडत होतं.

"सांभाळा, आई. मी जेवून येते," ती म्हणाली, आणि मागे वळूनही न बघता निघून गेली.