बॅटरीच गई

आमच्याकडे गाडी होती, पण चालवण्यासाठी नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, भाजीला सायकलवर जात, आई रिक्षानं जाई. पांढरी गाडी मात्र गारखेड्यातल्या आमच्या घरापुढे पत्र्याच्या शेडमध्ये आवरण पांघरून उभी असे. वर्षातला एकच दिवस तिचा खरा. भाऊबीजेला अण्णा ती स्वतः चालवत वैजापूरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जात. त्यांची आई लवकर वारल्यावर अण्णांना या आत्यानंच वाढवलं होतं. ओवाळेपर्यंत ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. गाडी घेतली तीच बहिणीच्या दारात उतरायला, असं आई म्हणायची, आणि म्हणताना जरा टोमणा असायचा.

त्या वर्षी आषाढात अण्णांना लकवा झाला. डॉक्टर म्हणाले, हलका आहे, थोडक्यात निभावलं. बोलणं परत आलं, हात चालू लागला. डावा पाय मात्र मागे राहिला.

बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी गाडी जागेवरच सुरू करून ठेवायची, ही अण्णांची जुनी शिस्त. आजारातही ती त्यांनी मोडली नाही. काठी टेकत जायचे, आत बसून चावी फिरवायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. बाहेर आले की आईला म्हणायचे, काय झालंय मला? जागेवरच्या गाडीला डाव्या पायाचा क्लच लागत नाही, हे आईला ठाऊक नव्हतं. मला होतं. लग्नानंतर पुण्यात मी रोज गाडी चालवत होते. दिवाळीला माहेरी आल्यावर मी म्हणाले, अण्णा, यंदा मी नेते तुम्हाला. ते म्हणाले, भाऊबीजेला भाऊ जात असतो, त्याला कुणी नेऊन घालत नसतं. मला असा राग आला की दुपारी मी जेवताना त्यांच्याशी बोलले नाही. हट्ट घराण्यातच आहे आमच्या.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे घराचा एकही कोपरा अंधारात ठेवत नाहीत. संडासाच्या पायरीवरसुद्धा पणती असते. अण्णांनी शेडमध्ये पणती लावली आणि त्यांना वाटलं, गाडीच्या आत अंधारच राहिला. पेट्रोलच्या गाडीत पणती ठेवणार कशी? मग त्यांनी आतला छताचा दिवा लावला, हात जोडले आणि वरून आवरण ओढून घेतलं. पाडव्याच्या गडबडीत तो दिवा कुणाला आठवला नाही. आवरणाखाली तो जळत राहिला.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णा नवा सदरा घालून गाडीत बसले, चावी फिरवली आणि नुसतं ‘कट्’ झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्यांनी वर पाहिलं. छतात दिव्याच्या जागी नुसता मिणमिणता ठिपका उरला होता. आई म्हणाली, एसटीनं जाऊ. अण्णा म्हणाले, धक्का मारू.

समोरचे चाचा बाहेर आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, अण्णांच्या बरोबरीचे. शेजारची आणखी दोन माणसं आली. आमच्या गल्लीला नाल्याकडे चांगला उतार आहे. गाडीला वेग आला की क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, एवढंच काम. गाडी एक हिसका देते आणि सुरू होते.

गाडी पळायला लागली. मी खिडकीला धरून सोबत धावत होते. अण्णांचा डावा तळहात डाव्या गुडघ्यावर होता. सगळा जोर लावून ते गुडघा खाली दाबत होते. क्लच अर्ध्यातसुद्धा गेला नाही. हिसका आलाच नाही, गाडी नुसती घरंगळत राहिली आणि अर्ध्या उतारावर त्यांनी ब्रेक लावला.

सगळे दम खात उभे राहिले. हिसका आला नाही म्हणजे गिअर पडला नाही, हे धक्का मारणाऱ्या प्रत्येकाला कळलं होतं. चाचा पुढे आले आणि टपावर हात ठेवून म्हणाले, “बॅटरीच गई, भाईसाब. पूरी गई.”

आमच्याकडच्या दखनी उर्दूत मराठीचा हा ‘च’ कधीचा मुरलाय. त्या एका ‘च’नं चाचांनी सगळा दोष बॅटरीच्या माथी मारला. बाकीचे हो हो म्हणाले. मीही म्हणाले. इतक्या माणसांनी मिळून इतकं खोटं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

अण्णा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. मग म्हणाले, “बॅटरी नाय गेली. पाय गेला माझा.”

त्यांनी काठी मागितली. चाचांनी हात दिला, तो त्यांनी धरला, आणि गाडीला वळसा घालून ते डावीकडच्या दाराशी गेले. मी त्यांच्या जागेवर बसले. माझे पाय पोचेनात, सीट पुढे ओढावी लागली. पहिल्याच धक्क्यात हिसका बसला आणि गाडी सुरू झाली. मला तेव्हा तिचा फार राग आला.

वाटेत लासूर आलं. तिथं अण्णा एवढंच म्हणाले की गाडी बंद पडू देऊ नकोस.

आत्या दरवर्षी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि सरळ चालवणाऱ्याच्या दाराशी यायची. तशीच आली. खिडकीत मी दिसले. तिचा हात थांबला. तिनं माझ्या पलीकडे पाहिलं, अण्णा मान खाली घालून बसले होते. तिला सगळं कळलं. तुकडा तिनं आधी माझ्यावरून ओवाळून टाकला, मग सावकाश पलीकडे गेली आणि त्यांचं दार उघडलं.

“खाली उतर,” ती म्हणाली. “माझा भाऊ आला. कोणत्या दारातून उतरला, ते कोण इचारतंय?”

अण्णा रडले. आजारात रडले नव्हते. आत्यानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, आणि मग म्हणाली, चल, मला तहान लागली.