चुकीच्या बाजूने

लेकीचं जपानी चित्रकथेचं पुस्तक टीपॉयवर पडलं होतं. मी ते आपल्या पुस्तकासारखं उघडलं. पहिल्याच पानावर एक मुलगी एका तरुणाच्या मांडीवर मरत होती. पुढे पानं उलटत गेलो तशी ती बरी होत गेली, हसायला लागली आणि शेवटी एका बसस्टॉपवर त्याला पहिल्यांदा भेटली.

“बाबा, उलटं वाचताय! मँगा उजवीकडून वाचतात,” लेक म्हणाली. “तो अमर आहे. ती मरते आणि पुन्हा जन्माला येते. तो तिला ओळखतो, तिला मात्र काहीच आठवत नाही.”

हा कसला न्याय? तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन बसतो. बायको शेवटची दवाखान्यात निघाली तेव्हा दारातून “येते” म्हणाली होती. आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. आता ती कुठेतरी नव्या जन्मात आलीही असेल, आणि मी समोर आलो तर अनोळखी म्हातारा म्हणून बाजूला सरकून वाट देईल.

लेकीने बॅग खांद्याला अडकवली. “येते हं, बाबा.”

दार लागलं. मी पुस्तक उचललं आणि पुन्हा चुकीच्याच बाजूने उघडलं.