मोठी आई

"आली का गं तुझी पाळी?"

सोलापुरात नळाला पाणी आलं का हे शेजारणीला ज्या मोकळ्या आवाजात विचारतात, अगदी त्याच आवाजात आमच्या अक्का, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, हा प्रश्न विचारायच्या. माझ्या मुलीला, श्रावणीला. जिन्यातून, अंगणातून, एकदा तर दूधवाला कॅन घेऊन दारात उभा असताना. मी वरच्या मजल्यावर कानकोंडी व्हायची. वाटायचं, पोरगी आता लाजेनं चूर होणार. तर खालून तिचं उत्तर यायचं, "आली की, मोठी आई. कालच आली." आणि त्यावर दोघींचं हसणं.

मी काही मागासलेली बाई नव्हे. श्रावणी मोठी व्हायला लागली तेव्हा तिला जवळ बसवून, दार लावून, मी सगळं नीट सांगितलं होतं. पॅड आणून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटात साड्यांच्या मागे ठेवले होते. "बाबांसमोर बोलायचं नाही, काही झालं तर मला हळूच सांगायचं," असं बजावलंही होतं. पोरगी हळूचही सांगायची नाही. सांगायची ते खाली जाऊन, अक्कांना.

'मोठी आई' हा शब्दच मला खुपायचा. चुलतीला तसं म्हणायची आमच्याकडं रीत आहे, मान्य. पण मग मी कोण, धाकटी? अक्का कर्नाटकाच्या सीमेवरल्या मैंदर्गीच्या. माहेरी कानडी, सासरी मराठी, रागावल्या की दोन्ही. पदरी दोन मुलगे, मुलगी नाही. त्यांना फार कळत होतं असंही नाही. पाळीत डोक्यावरून न्हायलं की नजर अधू होते, असं त्या ठामपणे सांगायच्या. पण कुणाचं काही अडलं की म्हणायच्या, "मला काय कळतंय? चल, डॉक्टरीणबाईला इचारू." आणि खरंच निघायच्या. गल्लीतल्या मुली त्यांच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. कुणाचं पोट दुखतंय, कुणाला अंगावरून पांढरं जातंय. मी जिन्यात आले की सगळ्या एकदम गप्प. मला ते फार लागायचं. माझ्यात काय कमी होतं?

श्रावणी दहावीत असताना तिनं गौरींच्या वेळी एक उद्योग केला. आमच्याकडं गौरींना बाजूला बसलेली बाई चालत नाही. सण आला की बायका मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात, डॉक्टरांना न विचारता. मीही आणायची. श्रावणीनं माझ्याच डब्यातल्या घेतल्या, गुपचूप. गौरी पार पडल्या आणि मग तिचं अंगावरून जाणं थांबेना. मला वाटलं, पोरगी अभ्यासानं सुकली. एका दुपारी अक्कांच्या पायरीवर तिला घेरी आली. मी खाली उतरले तेव्हा अक्का तिला रिक्षात बसवत होत्या.

"पाळी कधी सुरू झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तारीख मला ठाऊकच नव्हती. श्रावणीनं अक्कांकडं पाहिलं. अक्का म्हणाल्या, "गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिशी. थांबंना म्हणून काल मला सांगितलं तिनं." डॉक्टरीणबाई गोळ्यांवरून आम्हा सगळ्यांनाच बोलल्या. श्रावणीचं रक्त बरंच कमी झालं होतं. परतताना तिनं रिक्षात डोकं टेकलं ते अक्कांच्या खांद्यावर. लेक आजारी आहे याची काळजी करावी, तर मी त्या खांद्याकडं बघत बसले. जळफळाट म्हणतात तो हाच.

"वरडू नगं तिला," अक्का घरी आल्यावर मला म्हणाल्या. "भिऊन घेतल्या लेकरानं. सणाला बाजूला बसले तर आई काय म्हणंल, म्हणून."

माझ्या मुलीच्या मनातलं मला दुसऱ्या बाईनं सांगावं!

पुढच्या वर्षी नेमकी गौरीजेवणाच्या सकाळी श्रावणीला पाळी आली. मला ते कळलं सगळ्या घराबरोबर, कारण अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पाळी आली तर येऊ दे की! गौरी बी बाईच हाय. तिला काय ठावं न्हाई व्हय?" आणि पुरणाचं ताट श्रावणीच्या हातात देऊन तिला गौरींपुढं पाठवलं. थोरले दीर खाकरले. अक्कांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीचा चेहरा कसा खुलला! हे वाक्य माझ्या तोंडून का आलं नाही? आलं असतं हो. पण अक्कांना प्रत्येक गोष्टीत घाईच फार.

यंदा थोरल्या मुलाच्या नोकरीमुळं अक्का पुण्याला राहायला गेल्या. टेम्पोत सामान चढताना श्रावणी हमसून हमसून रडत होती. मीही डोळे पुसले, आणि खरं सांगते, आतून हलकं वाटलं. आता पोरगी माझी.

पण श्रावणी काही सांगेना. मी दार लावून विचारलं, हळूच विचारलं. "काही नाही गं आई," एवढंच. आणि परवा मी भाकऱ्या थापत असताना ती आपणहून ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, या वेळी पुन्हा फार जातंय. डॉक्टरांकडं जायचं का?"

पिठाचे हात तसेच धरून मी तिच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला भरून आलं. "शहाणी माझी लेक," मी म्हटलं, "आपणहून सांगितलंस."

"काल मोठ्या आईला फोन केला होता," श्रावणी म्हणाली. "ती म्हणाली, मला लांबनं काय सांगतीस? तुझी आई हाय की तितं."

म्हणजे हेही अक्कांनीच दिलेलं. मी गॅस बंद केला, हात धुतले आणि रिक्षा बघायला खाली उतरले.