राजांच्या सणाचा पाव

दामोदर मयेकर जहाजावरच्या भटारखान्यात कामाला होता. एकदा रॉटरडॅमला उतरला तो परत चढलाच नाही. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. त्यातली बावीस गेली रेमेदियोस नावाच्या स्पॅनिश बाईंच्या बेकरीत. लग्न राहूनच गेलं, आणि मालवणला जाणंही हळूहळू सुटलं. बेकरी बंद झाल्यावरही दर रविवारी तो रेमेबाईंकडे कॉफीला जायचा आणि दोघं मोडक्यातोडक्या डचमध्ये पिठावरून भांडायची.

मग रेमेबाई वृद्धाश्रमात गेल्या आणि पाठोपाठ करोना आला. दिवसाला एकच माणूस आत सोडायचे, तोही घरचा. ती जागा त्यांच्या मुलीची. दामोदर कोण? तर जुना कामगार. त्याने नऊ महिने रॉटरडॅमशेजारच्या कापेल गावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये एकट्याने काढले. सुपरमार्केटमधल्या मुलीचं "पावती हवी का?" एवढंच काय ते कधीकधी दिवसभरात माणसाचं बोलणं कानावर पडे.

सहा जानेवारी जवळ आली. स्पेनमध्ये हा तीन राजांचा सण. त्या दिवशी घरोघरी रोस्कोन खातात, मोठ्या कड्यासारखा गोल गोड पाव. बेकरीत त्याने असे शेकड्याने केले होते, पण स्वतःच्या घरी एकही नाही. यंदा त्याने ठरवलं, करायचाच.

मोरोक्कन दुकानातून संत्र्याच्या फुलांचं पाणी आणलं. मैदा, अंडी, लोणी, संत्र्याची किसलेली साल. हात सवयीने पीठ मळत होते, पण थंडीत यीस्ट काही हलेना. शेवटी त्याने पातेलं जुन्या शालीत गुंडाळून हीटरपाशी ठेवलं आणि आजाऱ्याजवळ बसावं तसा शेजारी बसून राहिला. चार तासांनी गोळा फुगला. त्याचं कडं वळलं. वर साखरेत मुरवलेली फळं लावली. रीतीप्रमाणे पोटात एक वालाचा दाणा लपवायचा असतो. ज्याच्या वाट्याला येईल त्याची सगळे थट्टा करतात. दामोदरने दाणा हातात घेतला, थोडा वेळ धरला, परत बरणीत टाकला आणि कडं तसंच ओव्हनमध्ये सरकवलं.

सणाच्या दिवशी वृद्धाश्रमाच्या दारात मास्क लावलेल्या नर्सने त्याच्या हातातला डबा पाहिला. "घरचं चालत नाही हो. दुकानातलं, बंद पाकीट असेल तरच."

"मी बेकरच आहे," तो म्हणाला. तिने नुसती मान हलवली. पण तिला वाईट वाटलं असावं. तिनेच रेमेबाईंना पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत आणून बसवलं आणि त्यांच्या हातात फोन दिला.

"दामो! काय आणलंस?"

"रोस्कोन. पण आत देता येत नाही, बाई."

मग फोनमधून बेकरीतला जुना आवाज आला, "मग तू खा. मला बघू दे."

बोचऱ्या वाऱ्यात सायकलला टेकून त्याने तुकडा मोडला.

"फुलांचं पाणी कधी घातलंस?"

"दुधाबरोबर."

"गाढवा, शेवटी घालायचं! वास येतो तरी का?"

"थोडा येतो."

"आणि मऊ?"

"मऊ आहे," तो म्हणाला. बाई काचेला कपाळ लावून त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. तो पूर्ण तुकडा संपवेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. उरलेला पाव त्याला चार दिवस पुरला.

लसी झाल्या, नियम सैल झाले. मे महिन्यात त्याला आत सोडलं तेव्हा सणवार काही नसताना तो रोस्कोन घेऊन गेला. फुलांचं पाणी या वेळी शेवटी घातलं होतं. रेमेबाईंनी दोन तुकडे खाल्ले. चवीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मग त्याचा हात धरून त्यांनी त्याला 'हुलियान' म्हटलं. ते त्यांच्या धाकट्या भावाचं नाव.

"आई कुठे गेली रे?"

दामोदर म्हणाला, "दुकानात आहे. येईल." त्याने त्यांच्या बोटांना लागलेली साखर रुमालाने पुसली आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.