केशरबाईचा सोटा

केशरबाईशी भांडायला धरणावरचे गडी कचरत. तोंडाने जितकं बोले त्याच्या दुप्पट ती हाताने बोले.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या त्या धरणात ट्रकच्या चार ट्यूबा बांबूंना बांधून तराफा करत. मधोमध हातभर मोकळी जागा. तिथूनच गळ सोडायचा, तिथूनच मासा वर घ्यायचा. तराफ्यावर माणसं दोन. एकाने मासा ओढायचा, पण त्याआधी दुसऱ्याने पाण्यात जे काही लोंबत असेल ते झटक्यात वर घ्यायचं. ‘पानी मोकळं!’ अशी त्याची हाक आल्याशिवाय ओढायचं नाही, ही तिथली रीत.

शहाण्णव साली केशरबाईचा नवरा गेला आणि त्याच्या मासेमारीच्या पासवर धाकट्या दिराने, श्रीमंतने, हक्क सांगितला. बाईमाणसाला कसला पास, असं चारचौघांत बोलला. केशरबाईने तिथल्या तिथे त्याच्या कानाखाली जाळ काढला. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन काकासाहेब दोघांवरही कातावले. त्याच आठवड्यात नगरहून पाहणीसाठी एक पेटी आली होती. तिच्या वायरीच्या टोकाला लिंबाएवढा काळा गोळा. तो पाण्यात आवाज सोडायचा, परत फिरलेला आवाज ऐकायचा, आणि खाली मासा कुठे आहे ते पेटीच्या काचेवर ठिपक्यांत उमटायचं.

“तीन दिस ही सांभाळ,” काकासाहेब म्हणाले. “धड परत आनलीस तर पास तुझ्या नावाव. मोडलीस तर श्रीमंतच्या.”

आणि तराफ्यावर दुसरा माणूस म्हणून श्रीमंतलाच बसवलं. काकासाहेबांचा न्याय हा असा!

दोन दिवस सरळ गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास श्रीमंत काचेवर वाकला.

“वैनी, खाली लई मोठं काळं दिसतंय.”

तो बोलतोय तोवर गळाची दोरी ताणली आणि केशरबाईचा तळवा फाटला. शिवडाच होता, धरणातला सगळ्यात दांडगा, दातेरी मासा. गळ गिळून तो तळाकडे असा सुटला की तराफ्याची एक बाजू पाण्यात गेली. हाताचं रक्त कोपरापर्यंत ओघळलं. केशरबाईने दात खाऊन दोरी दांडक्याला गुंडाळली.

“पानी मोकळं करा, भावजी!”

श्रीमंत घाईघाईने वायर ओढू लागला. त्याची हाक यायची होती. पण केशरबाईला कुठला दम! तिने हाक ऐकायच्या आधीच दोरी खेचली. शिवडा गर्रकन फिरला आणि वायर दोरीला पीळ घालून बसली.

मधल्या जागेत ते धूड वर आलं. जबडा उघडा, दात करवतीसारखे. केशरबाईने सोटा घेऊन त्याच्या टाळक्यावर हाणला. माशाने शेपटीचा असा तडाखा दिला की श्रीमंत आडवा झाला, आणि त्याची नडगी शिवड्याच्या दातांत सापडून सोलली गेली. वायर ताणली, पेटी पाण्याकडे सरकली. श्रीमंत तिच्यावर पालथा पडला. एका हाताने पेटी दाबून त्याने दुसऱ्या हाताने कमरेचा चाकू काढला आणि पिळावर टेकवला.

केशरबाईच्या डोळ्यांपुढे पास नाचला. हा वायर तोडणार! पेटी मुकी करणार आणि पास खिशात घालणार!

“हरामखोरा!” म्हणत तिने सोटा त्याच्या मनगटावर घातला. मग बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज झाला तरी तिने तिसरा घाव घातलाच. श्रीमंत गुरासारखा ओरडला, पण त्याने चाकू सोडला नाही. एक हिसका बसला. शिवडा गळासकट तळाला गेला आणि पाणी लाल होऊन शांत झालं.

केशरबाई धापा टाकत खाली पाहू लागली. तिच्या हातात दोरी होती, सरळ कापलेली. वायर सुटून वर आली होती. गोळा तिच्या टोकाला धड होता. पेटीच्या काचेवर अजून ठिपके उमटत होते.

“दोरी कापत हुतो, वैनी,” श्रीमंत कण्हत म्हणाला. “पास मला पायजे हुता. पर असा न्हाई.”

तिने लुगड्याचा पदर फाडून त्याचा हात बांधला. काठाला येईपर्यंत एकटीनेच तराफा वल्हवला.

काठावर काकासाहेबांनी पेटी उलटसुलट करून पाहिली. मग श्रीमंतच्या हाताकडे पाहिलं.

“ह्ये काय झालं रं?”

“शिवड्यानं मोडला,” श्रीमंत म्हणाला आणि मान खाली घातली.

काकासाहेब केशरबाईकडे वळले. त्यांनी पास तिच्या पुढे धरला. श्रीमंतचा हात आपणच मोडला हे खरं सांगितलं तर पास धरलेला तो हात मागे जाईल, हे तिला कळत होतं. तिने रक्ताळलेला हात लुगड्याला पुसला आणि पास घेतला.