गाईच्या तोंडात कुणाकुणाचा हात गेलता

हे आत्ताच सांगायला पायजे, उद्यावर टाकलं तर राहील. शिरूर कासारच्या सरकारी दवाखान्यात बसून टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

सात दिवसांपूर्वी चारा छावणीत जनावरांच्या डॉक्टरांनी आमची गाय बघितली. म्हणले, "हिला रेबीज दिसतोय. तोंडात हात कुणी घातला?"

मी घातलता. गाय लाळ गाळत होती, पाणी गिळंना. आमच्याकडं असं दिसलं की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, घशात अडकलं म्हणतात आन् हात घालून काढतात. सापडलं काहीच न्हाई, दातानं मनगट खरचटलं.

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग. तो लाळेत असतो. चावाच लागतो असं न्हाई, खरचटलेल्या कातडीला लाळ लागली तरी पुरतं. लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत न्हाई म्हणलं तरी चालंल. लस त्याआधीच घ्यायची.

डॉक्टर म्हणले, साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात हात धर. पाणी टँकरचं. शेजारच्या दावणीच्या सखुमावशी बघतच राहिल्या. "हाताची आंघोळ हाय का गं?" मागून कुणीतरी म्हणलं, "गाईला कुठं कुत्र्याचा रोग होतो बे? छावणी बंद पाडायला आलाय ह्यो डॉक्टर."

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "अजून कुणी?" सोबत आलेले माझे वडील, आप्पा, लगेच म्हणले, "न्हाई, पोरीनंच." येवढी घाई? मला तिथंच शंका आली. त्यांचा उजवा हात खिशातच होता.

मला लस दिली आन् खरचटलं तिथं इम्युनोग्लोब्युलिन टोचलं, म्हणजे लस लागू पडंपर्यंतचं तयार संरक्षण. लई दुखलं.

घरी पाण्याच्या प्रत्येक घोटाला मी दचकायचे, गिळतंय ना? आन् आप्पाच्या तांब्यावर पण नजर. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय मेली. दुसऱ्या डोसला निघताना मी आप्पाचा हात धरून उघडला. अंगठ्यावर कोयत्याची अजून न भरलेली चीर.

"कावून लपवलं?"

"धार मी काढतो, मी सुई घेतली की गावभर होतंय. डेअरीत आपलं दूध कोण घेईल मग?"

मला रडूच आलं. आप्पा गाडीवर बसले. मॅडम म्हणल्या, "उशीर केला, पण आलात. आजारी गाईचं दूध फेकायचं, बाकीच्यांचं उकळून चालतंय."

आज माझा तिसरा डोस. सकाळी डेअरीच्या सचिवानं आमचं कॅन बाजूला सारलं. रांगेत सगळे बघत होते. आप्पा म्हणले, "व्हय, घातलता हात. सुया घेतोय. त्या गाईचं दूध ओतलंय, हे दुसरीचं हाय."

मग रांगेतल्या सखुमावशींनी पदराखालून हात काढला. बोटाला चिंधी. "भाऊ, तुमी वैरणीला गेलते तवा मीबी घातलता."

आता त्या माझ्याच बाकड्यावर बसल्यात, पहिल्या डोसला. मी बाकी सगळ्यांचे हात बघतेय.

तुमच्या गोठ्यात झालंय का असं? कुणी हात घातला आन् सांगितलंच न्हाई, असं कुणी हाय का घरात? आत्ता उठून विचारता का?